कापड कापायच्या आत: खास बनवून घेतलेल्या लॅपटॉपची ऑर्डर रद्द करताना

शिंप्याकडे कापड टाकून आलो आणि रात्री वाटलं की शर्ट नको, कुर्ताच शिवू, तर सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभं राहायचं. कापड अखंड असेल तर काम होतं. कात्री लागली असेल तर शिंपी आपल्याकडे बघून नुसता हसतो. कंपनीच्या साइटवर प्रोसेसर, रॅम, डिस्क, कीबोर्ड स्वतः निवडून आपण जो लॅपटॉप बनवायला टाकतो, त्याचंही असंच असतं. फक्त हा शिंपी गल्लीत बसत नाही, आणि त्याने कात्री कधी उचलली ते आपल्याला कुणी सांगत नाही.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो आणि अंबडच्या कारखान्यांसाठी घरून मोल्डची ड्रॉइंग्ज करून देतो. एका शनिवारी रात्री, सेल संपायला तासभर उरलेला असताना, सव्वा लाखाचा लॅपटॉप असा बनवायला टाकला. रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर मित्राने विचारलं, "रॅम किती घेतलीस?"

"सोळा. लागली तर पुढे वाढवू की."

"कशी वाढवशील? त्या मॉडेलला रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली येते."

पाव हातातच राहिला. तिथपासून पैसे खात्यात परत दिसेपर्यंत 26 दिवस गेले. त्यातले निम्मे दिवस माझ्याच चुकांमुळे गेले. पहिल्यांदाच अशी ऑर्डर देणाऱ्यांनी त्या टाळाव्यात म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितो.

पहिलं काम: ऑर्डर कुठवर आलीय ते बघा

तयार लॅपटॉप गोदामात पडलेला असतो, तो बाहेर निघेपर्यंत बहुतेक ठिकाणी एका बटणावर ऑर्डर रद्द होते. बनवून घेतलेल्या लॅपटॉपच्या पानावर ते बटण अनेकदा नसतंच, किंवा पहिल्या काही तासांनंतर गायब होतं. तेव्हा बटण शोधत बसू नका, ऑर्डरची पायरी बघा. शब्द कंपनीगणिक बदलतात, पण साधारण चार टप्पे असतात: ऑर्डर मिळाली, पैसे तपासून पक्की झाली, बनायला घेतली, रवाना झाली. पहिल्या दोन टप्प्यांत कापड अखंड आहे. तिसऱ्यात कंपनी कुरकुर करते. चौथ्यात ती "आता डिलिव्हरी घ्या आणि मग परत करा" म्हणते, आणि ते शक्यतो मान्य करायचं नाही; का ते पुढे येईलच.

पायरी दिसली की लगेच स्क्रीनशॉट काढा, ज्यात तारीख आणि वेळही दिसेल. रविवारी सकाळी माझी ऑर्डर दुसऱ्या टप्प्यावर होती. याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. पुढे कंपनीचा माणूस "सर, तुम्ही कळवलंत तेव्हा प्रॉडक्शन सुरू झालं होतं" असं ठामपणे सांगत राहिला आणि माझ्याकडे त्याला दाखवायला काही नव्हतं.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी जपून ठेवा: निवडलेल्या सगळ्या भागांची यादी असलेलं पान, डिलिव्हरीची सांगितलेली तारीख, आणि ऑर्डर रद्द करण्याच्या अटींचं पान. अटींचं पान कंपनी कधीही बदलू शकते, म्हणून आजचं पान आजच पीडीएफ करून ठेवायचं. डिलिव्हरीच्या तारखेचं महत्त्व तर सगळ्यात जास्त, त्यावर पुढे बोलू.

फोनच्या आधी ईमेल

माझी सगळ्यात मोठी चूक ही, की मी आधी फोन केला. रविवारी कॉल सेंटर बंद. सोमवारी पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी गोड बोलली, "रिक्वेस्ट पुढे पाठवली आहे, 48 तासांत कळेल." मी निर्धास्त. गुरुवारी परत फोन केला तर नोंदच सापडेना. दुसऱ्या माणसाला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्यानेही रिक्वेस्ट पुढे पाठवली. ही "पुढे" नावाची जागा कुठे आहे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तेव्हा आधी ईमेल. ज्या ईमेलवर ऑर्डर नोंदवली त्याच पत्त्यावरून, ऑर्डर पक्की झाल्याचा जो मेल आलाय त्यालाच उत्तर म्हणून, आणि साइटवर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर प्रत. त्या मेलमध्ये "रद्द करता येईल का?", "काय पर्याय आहेत?" असं विचारू नका. विचारलं की ती चौकशी होते आणि चौकशीच्या फायलीत जाते. सांगायचं. मराठीत लिहा की इंग्रजीत, वाक्यं एवढीच आणि इतकीच सरळ हवीत:

"ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक अमुक. ही संपूर्ण ऑर्डर, त्यातल्या सर्व वस्तू आणि वाढीव वॉरंटीसह, मी या ईमेलद्वारे रद्द करत आहे. आज अमुक वाजता साइटवर ऑर्डरची स्थिती अमुक दिसत आहे, स्क्रीनशॉट सोबत आहे. कृपया लॅपटॉप बनवण्याचे व पाठवण्याचे काम थांबवावे, रद्द केल्याची लेखी पोच आणि तक्रार क्रमांक द्यावा, आणि भरलेली रक्कम रुपये अमुक मूळ खात्यात परत करावी."

कारण लिहायची सक्ती नाही. मी रॅमची रामकहाणी तीन परिच्छेदांत लिहिली होती. समोरून उत्तर आलं, की आपल्याला 32 जीबीचं दुसरं मॉडेल सुचवू का!

मेल गेला की मग फोन करा, चॅट करा, काहीही करा. फोन ठेवला की त्या संभाषणाचा दोन ओळींचा मेल त्याच धाग्यात टाका: आज इतक्या वाजता बोलणं झालं, अमुक असं सांगण्यात आलं. चॅट संपायच्या आत त्याची प्रत घ्या, खिडकी बंद झाली की अनेकदा ती परत मिळत नाही.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे ठगांनी पेरलेले नंबर असतात. माझ्या शेजारच्या काकांना अशाच एका नंबरवरच्या माणसाने रिफंडसाठी मोबाइलवर स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं होतं, मुलगा वेळेत घरी आला म्हणून वाचले. नंबर कंपनीच्या साइटवरचा किंवा बिलावरचाच घ्यायचा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तरीही कुणी फसलंच, तर तडक 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन.

एका ऑर्डरच्या पोटात किती ऑर्डरी

लॅपटॉपबरोबर बॅग, माउस, वाढीव वॉरंटी, कधी अँटीव्हायरस. आपल्याला एक बिल दिसतं, कंपनीच्या आत त्या वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या गोदामांतून निघतात. लॅपटॉप रद्द केला म्हणजे बाकी आपोआप थांबलं असं नसतं. माझी बॅग पाचव्या दिवशी दारात हजर. वरात माघारी वळली आणि बँडवाले तेवढे मांडवात आले, अशी गत. म्हणून वरच्या मसुद्यात "सर्व वस्तू आणि वाढीव वॉरंटीसह" हे शब्द आहेत, ते गाळू नका.

वॉरंटी किंवा विमा तुम्ही न मागता टोपलीत (साइटवरच्या कार्टमध्ये) आला असेल तर तेही मेलमध्ये लिहा. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी साइटवरच्या फसव्या मांडणीविरुद्ध ("डार्क पॅटर्न") मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 13 प्रकार दिलेत. ग्राहकाच्या संमतीवाचून टोपलीत वस्तू सरकवणं हा त्यातलाच एक.

कायदा आपल्या बाजूने कुठे आहे, कुठे नाही

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. "ऑनलाइन घेतलं की सात दिवसांत परत करता येतं, कायदाच आहे," असं ठणकावून सांगणारे कॉलेज रोडवर कुठल्याही चहाच्या टपरीवर भेटतील. भारतात असा सरसकट कायदा नाही. सात किंवा दहा दिवसांची मुभा ही त्या त्या विक्रेत्याची अट असते. युरोपात 14 दिवसांत कारण न देता वस्तू परत करायचा हक्क आहे, पण ग्राहकाच्या मापाने बनवलेली वस्तू तिथेही त्यातून वगळलेली आहे. म्हणजे नुसतं मन बदललं असेल, तर बनायला घेतलेल्या लॅपटॉपबाबत तुमचं बळ कंपनीच्या अटींएवढंच. म्हणून तर पहिल्या टप्प्यातली घाई.

पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आणि त्याखालचे 2020 चे ई-कॉमर्स नियम काही पक्क्या गोष्टी देतात. कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायलाच हवा. त्याने तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. ऑर्डर रद्द केल्याचा आकार कंपनी लावू शकते, पण केव्हा? तीच कंपनी स्वतःहून ऑर्डर रद्द करते तेव्हा तसाच आकार स्वतः सोसत असेल तरच. हे वाक्य मी माझ्या दुसऱ्या मेलमध्ये टाकलं, आणि आधीच्या उत्तरातला "प्रोसेसिंग चार्जेस" हा शब्द पुढच्या उत्तरात दिसला नाही. योगायोग असेल, मला काय.

सगळ्यात उपयोगी नियम उशिराचा. सांगितलेल्या तारखेपेक्षा वस्तू उशिरा आली, सदोष निघाली किंवा कबूल केल्यासारखी नसली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. उशीर पूर, संप अशा हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर सवलत आहे. बनवून घेतलेल्या लॅपटॉपच्या तारखा पुढे सरकणं नेहमीचं आहे, कुठला तरी एक भाग आलेला नसतो. अशा वेळी कंपनीचा मेल येतो: नवी तारीख अमुक, गैरसोयीबद्दल क्षमस्व. त्यावर सवयीने "ओके" लिहून मोकळे होऊ नका. ऑर्डर नको असेल तर त्याच मेलला उत्तर द्यायचं की मूळ तारीख मला मान्य होती, नवी मान्य नाही, ऑर्डर रद्द करतो. मन बदललेला ग्राहक आणि उशिरामुळे ऑर्डर सोडणारा ग्राहक यांच्या हातातल्या कागदात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझ्यासारख्या घरून धंदा करणाऱ्यांसाठी एक पोटकलम. 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळावं, म्हणजे भरलेला कर आपल्या देय करातून वजा व्हावा, म्हणून आपण बिलावर जीएसटी नंबर टाकतो. मग वाद झाला की कंपनी म्हणते, ही खरेदी व्यापारी आहे, तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरायची वस्तू घेतली तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो, पण ते दाखवायची जबाबदारी अंगावर येते. क्रेडिटचा फायदा आणि ही कटकट, दोन्ही तोलून ठरवा. क्रेडिट घेऊन झालं असेल आणि ऑर्डर रद्द झाली, तर क्रेडिट नोट मागा आणि सीएला कळवा.

लॅपटॉप दारात आलाच तर

आठव्या दिवशी माझ्या मोबाइलवर संदेश आला, "तुमची ऑर्डर रवाना झाली आहे." रद्द करायची विनंती अजून "प्रक्रियेत" होतीच. असं झालं तर बॉक्स घ्यायचा नाही. एकदा घेतला की तो तुमच्या ताब्यात, मग परतीच्या अटी, सील, पॅकिंग, "वापरलेला दिसतो" हे सगळं सुरू.

आधी कंपनीला मेल: ऑर्डर अमुक तारखेला रद्द केली आहे, पार्सल स्वीकारणार नाही. मग घरातल्या प्रत्येकाला आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा. हे गमतीने लिहीत नाही. आमच्याकडे वॉचमन मामा सगळ्यांची पार्सलं प्रेमाने घेऊन ठेवतात, आणि महाग वस्तूच्या डिलिव्हरीचा ओटीपी आपल्या मोबाइलवर आलेला असतो, तो आई फोनवर सहज वाचून दाखवते. ओटीपी दिला की डिलिव्हरी झाली, बॉक्स व्हॅनमध्येच असला तरी. कुरिअरच्या मुलाला शांतपणे सांगायचं:

"दादा, ही ऑर्डर रद्द केलीय. ग्राहकाने नाकारली असं टाका."

तो म्हणेल, "घ्या ना साहेब, नंतर परत करा." त्याची फेरी वाया जाते, त्याच्यावर चिडायचं कारण नाही. बॉक्सवरच्या लेबलचा फोटो काढा, कारण माल परत गेल्याचा माग त्याच नंबरावर लागतो. काही मुलं "ग्राहक घरी नाही" असं टाकून निघून जातात, मग तो दुसऱ्या दिवशी परत येतो. संध्याकाळी ट्रॅकिंग उघडून नेमकी नोंद काय झाली ते बघा. माल गोदामात परत पोचल्याची तारीख दिसली की तीही टिपून ठेवा, रिफंडचे दिवस कंपन्या बहुधा तिथून मोजतात.

पैशांची परतवाट

पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात. यूपीआयने भरले तर त्याच बँक खात्यात, कार्डाने भरले तर त्याच कार्डावर. "रिफंड केला आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, संदर्भ क्रमांक मागा. कार्डासाठी 23 अंकी एआरएन असतो, बँक खात्यासाठी यूटीआर. तो बँकेला दिला की पैसा कुठे अडकलाय ते कळतं. तो नंबर कंपनी देत नसेल तर रिफंड बहुधा निघालेलाच नसतो.

क्रेडिट कार्डवाल्यांनी, रिफंड येणारच आहे म्हणून बिल भरायचं थांबू नये. उशिराचा दंड आणि व्याज तुमच्या नावावर लागतं.

खरी गुंतागुंत ईएमआयची. तुम्हाला वाटतं लॅपटॉप रद्द, हप्ते रद्द. ईएमआय हा तुमचा आणि बँकेचा करार असतो, कंपनीने पैसे परत दिले तरी तो आपोआप बंद होईलच असं नाही. रिफंड दिसताच बँकेला वेगळं कळवून ईएमआय बंद करायला सांगा. "नो कॉस्ट" ईएमआयमध्ये तर आणखी एक मेख आहे. बँक व्याज लावतेच, कंपनी तेवढी सूट आधी देऊन ते झाकते. रद्द झाल्यावर कंपनी सूट वजा जाता उरलेली किंमत परत देते, आणि मधल्या काळात लागलेलं व्याज, त्यावरचा 18 टक्के जीएसटी, बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्या माथी राहू शकते. म्हणून ईएमआयवर घेतलेली ऑर्डर रद्द करायची तर पहिला हप्ता पडायच्या आत धावपळ करा.

कंपनी हातच वर करत असेल तर कार्डाने भरणाऱ्यांना चार्जबॅकचा मार्ग आहे. कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवायचा: माल घेतला नाही, ऑर्डर रद्द केली, पैसे परत नाहीत. सोबत रद्द केल्याचा मेल आणि माल परत गेल्याचं ट्रॅकिंग. याला मुदत असते, म्हणून महिनोन्महिने वाट पाहत बसू नका. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

हेल्पलाइन आणि आयोग

तक्रार अधिकाऱ्याकडूनही काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. मराठीत बोलता येतं. फोनवर तक्रार सांगण्यापेक्षा त्यांच्या साइटवर किंवा ॲपवर नोंदवलेली बरी, कारण स्क्रीनशॉट जोडता येतात. हेल्पलाइनवाले निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीच्या योग्य टेबलावर नेऊन ठेवतात. माझ्या बाबतीत एवढंच पुरलं. तीन आठवडे मला रोबोटसारखी उत्तरं देणाऱ्या कंपनीतून नोंदणीनंतर चौथ्या दिवशी एका जिवंत माणसाचा फोन आला, आणि त्याला माझ्या ऑर्डरचा इतिहास तोंडपाठ होता. लॅपटॉप आणि वॉरंटीचे पैसे दोन वेगवेगळ्या दिवशी आले. बॅगेचे नाही आले, ती मी ठेवून घेतली. त्यात हल्ली डबा नेतो.

तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं मुख्यालय बंगळुरूला असो की गुडगावला, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे आपल्याला नाशिक. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील बंधनकारक नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती दाखल करायची. 2025 च्या जानेवारीपासून ई-जागृती पोर्टल सुरू झालंय, तिथे घरबसल्या अर्ज दाखल होतो. कायद्यात निकालासाठी साधारण तीन महिन्यांची अपेक्षा धरलीय, प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो हे धरूनच उतरा. अर्जाआधी कंपनीला एक लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. ईमेल चालतो, पण सहीचा कागद टेबलावर पडला की वेगळी हालचाल होते असा माझा अनुभव आहे.

हेल्पलाइनवर तक्रार असताना कंपनीकडून विचारणा येते, "रिफंड सुरू केलाय, तक्रार बंद करू का?" रक्कम बँकेच्या पासबुकात दिसेपर्यंत हो म्हणू नका. आणि रक्कम पूर्ण आहे का, वॉरंटीसकट, तेही बेरीज करून बघा.